सव्वा सामायिक



आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत सध्या तिघींना दिवस गेलेत, त्यामुळे दुपारच्या गप्पांना दुसरा विषय नाही. डोहाळजेवणाला काय करायचं, डिंकाचे लाडू कितव्या दिवसापासून द्यायचे, कुणी कुठल्या दवाखान्यात नाव घातलंय, तिथे सिझर फार करतात का. सगळं विचारून होतं. एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. बाळ झालं, रडलं, बाहेर आणून आजीच्या हातात दिलं, पेढ्यांचे फोन सुरू झाले. त्या वेळी आत जी पडली आहे तिच्याकडे कोण बघतंय?

मला हा प्रश्न विचारायची सवय सासूबाईंनी लावली. आमचं किराणा दुकान आहे, आणि सासूबाईंची उभी हयात तराजूशेजारी गेली. त्यांच्यासमोर कुणी ‘अंदाजे पावशेर असेल’ म्हटलं की त्या काही न बोलता वजनं पुढे सरकवत. माझ्या धाकट्या जावेचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. दवाखाना खासगी, छोटा, वरच्या मजल्यावर डॉक्टरांचं घर नसलेला. मुलगी झाली, रात्रीचे साडेनऊ. सगळं छान झालं म्हणून डॉक्टरीणबाई घरी गेल्या. आम्ही सगळ्या बाळाभोवती. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, हेच चाललेलं.

सासूबाई तेवढ्या जावेच्या खाटेशी बसल्या होत्या. मावशी येऊन पॅड बदलून गेली. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी तिला म्हटलं, ‘टाकू नका, इथेच कागदावर ठेवा.’ मावशी हसली. म्हणाली, ‘आजी, पहिलटकरणीला एवढं जातंच.’ ‘एवढं म्हणजे केवढं?’ सासूबाईंनी विचारलं. त्याला उत्तर नव्हतं. त्यांनी ते कागद उचलले आणि थेट सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवले. पाऊण तासात तीन पॅड चिंब, मुलीचे हात गार पडलेत, आणि ती माझ्याशी नीट बोलत नाहीये. आवाज चढवला नाही. दुकानात उधारीवाल्याशी बोलायच्या तशाच बोलल्या.

सिस्टरने नाडी पाहिली आणि पुढच्या पाच मिनिटांत त्या खोलीचा रंगच बदलला. पोटावर हाताने जोरात चोळणं, इंजेक्शन, दुसऱ्या हातालाही सलाईन, डॉक्टरांना फोन. दीर आणि मी रक्ताच्या दोन पिशव्यांसाठी स्कूटरवरून जालना रोडने निघालो तेव्हा मला रक्तपेढी कुठे आहे हेही नीट ठाऊक नव्हतं. महावीर जयंतीच्या शिबिरात रक्त द्यायला आपण रांगा लावतो, पण ते कुठे जातं आणि रात्री अकराला कसं मिळतं, हे कधी कुणी सांगितलेलं नसतं. जाऊ वाचली. ती मुलगी आता नववीत आहे.

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की सासूबाईंनी जे वर्तमानपत्राच्या कागदावर केलं, त्यावर मोठमोठे अभ्यास झालेत. आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम आपल्या शेजारी, बेळगावात झालंय.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड डर्मन यांच्याबरोबर, जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात, नर्सबाईंच्या हातून होणारी बाळंतपणं. बाळ झाल्याबरोबर अर्ध्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. एकूण १६२० बायका. साध्या गोळीवाल्यांत १०० पैकी १२ जणींना अतिरक्तस्राव झाला, औषधवाल्यांत साधारण ६ जणींना. म्हणजे निम्मा. २००६ साली हे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं. नेहमीचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, टोचायला शिकलेला हात लागतो. या गोळीला दोन्ही लागत नाही. मराठवाड्यातला मे महिना आणि जाणारी वीज आठवा, म्हणजे याचं मोल कळेल.

पण मला जास्त आवडली ती दुसरी गोष्ट. रक्त किती गेलं हे ठरवायचं कसं? आजवर सगळे डोळ्यांनीच ठरवत आलेले, डॉक्टरसुद्धा. या मंडळींनी प्लास्टिकची एक साधी चादर वापरली. बाळ झालं की ती बाईच्या कमरेखाली सरकवायची. तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. दूधवाल्याच्या मापट्यासारखं, बस. मग त्यांनी तुलना केली. डोळ्यांच्या अंदाजाने सरासरी सुमारे २०० मिलिलिटर रक्त गेलेलं दिसत होतं. पिशवीत मोजलं तर ३०० निघालं. म्हणजे अनुभवी डोळादेखील तिसरा हिस्सा कमी बघतो. कापडात जिरतं, गादीत जातं, पाण्यात मिसळतं, आणि शिवाय बघणाऱ्यालाही मनातून ते कमीच असावं असं वाटत असतं.

बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की धोका धरतात. आपल्या अर्धा लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढं. हे माप मी मुद्दाम स्वयंपाकघरातलं देतेय, म्हणजे डोळ्यासमोर राहील.

तीच रेघांची चादर पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत वापरून पाहिली. दोन लाखांहून जास्त बायका. २०२३ साली निकाल आला. जिथे नेहमीसारखा अंदाज चालू होता तिथे ज्यांना अतिरक्तस्राव झाला त्यातल्या जेमतेम निम्म्या बायका वेळेवर लक्षात आल्या. जिथे चादर होती तिथे १०० पैकी ९३. आणि रेघ ओलांडली की वाट न बघता पोट चोळणं, गर्भाशय आवळणारं इंजेक्शन, रक्त थांबवणारं औषध, सलाईन, कुठे फाटलंय का ते तपासणं, हे सगळं एकदमच करायचं. एक करून बघू, मग दुसरं, असं नाही. तिथे जिवावर बेतण्याची प्रकरणं ६० टक्क्यांनी कमी झाली. नवं औषध एकही नव्हतं. होतं ते माप, आणि ठरवून ठेवलेली घाई.

आता आपल्या घडीचं. सामायिक ४८ मिनिटांचं. घडीतली वाळू सरेपर्यंत आपण उठत नाही, दारावर कुणी आलं तरी. बाळ झाल्यानंतरचा पहिला तास म्हणजे सव्वा सामायिक. तेवढा वेळ घरातल्या एकीने, फक्त एकीने, बाळाकडे पाठ करून आईकडे तोंड करून बसावं, एवढंच मी आमच्या महिला मंडळात सांगत असते. पॅड किती वेळाने बदललं ते घड्याळात बघावं. पुसलेलं कापड टाकू देऊ नये, आधी दाखवावं. बेंबीखाली हात ठेवला तर गर्भाशय नारळासारखं घट्ट लागायला हवं, मऊ पडलं तर सिस्टरला हाक. घाम, हातपाय गार, तोंड पांढरं, ‘चक्कर येतेय’, ‘मला कसंतरी होतंय’, यातलं काही असेल तर ‘दमली असेल’ म्हणून सोडू नये. नवकार मनात म्हणत राहा, त्याने बसणाऱ्या बाईला धीर राहतो, पण डोळे उघडे ठेवून म्हणा.

आत येऊच देत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक बाई थांबू द्यायची मुभा केंद्र सरकारने २०१६ सालीच दिली आहे. खासगीत मात्र आधी विचारून ठेवावं लागतं, आणि ते सातव्या महिन्यात विचारावं, कळा सुरू झाल्यावर नाही. त्याच वेळी बाकीचंही विचारून घ्या. रात्री डॉक्टर कुठे असतात, किती मिनिटांत येतात? भूल देणारे बोलावल्यावर येतात की असतात? रक्त लागलं तर कुठून आणता? इथे जमलं नाही तर कुठे पाठवता, आणि कशातून? चांगला डॉक्टर या प्रश्नांना रागावत नाही. रागावला तर तेही आधीच कळलेलं बरं.

‘कुठे पाठवता’ हा प्रश्न मला नांदेडनंतर फार महत्त्वाचा वाटायला लागला. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली. त्यात १२ नवजात बाळं होती. रुग्णालयाकडून तेव्हा सांगण्यात आलं की बाहेरून अगदी शेवटच्या घटकेला आणलेले रुग्ण बरेच होते. औषधं, माणसं, खाटा यांचा प्रश्न तर होताच, तो सरकारलाच विचारायला हवा आणि विचारत राहायला हवा. पण शेवटच्या घटकेपर्यंत ठेवून घेणारा कुणीतरी मध्ये असतो, आणि ‘अजून थोडं बघू’ म्हणणारं घरही असतं. घाटीत नाव घातलेल्या बाईला आपण बिचारी म्हणतो. अडल्यावर सगळ्या छोट्या दवाखान्यांच्या गाड्या घाटीकडेच वळतात, हे आपण सोयीने विसरतो.

आणि रात्री कोण असतं, हा प्रश्न भंडाऱ्याचा. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. त्यातल्या कितीतरी आयांनी आपलं बाळ अजून पोटभर पाहिलंही नसेल. मला त्या बातमीने आठवडाभर झोप नव्हती. तेव्हापासून कुणाचंही बाळ काचेच्या पेटीत ठेवलं म्हटलं की मी विचारते, आत माणूस आहे ना, नुसती यंत्रं नाहीत ना.

महाराष्ट्राचं चित्र अगदीच काळं आहे असंही नाही. २०१८ ते २० च्या सरकारी आकड्यांत एक लाख जिवंत जन्मांमागे आपल्याकडे ३३ माता गेल्या, देशात तेव्हा ९७ होत्या. केरळात १९. या ३३ मधल्या किती वाचल्या असत्या, हे आकडा सांगत नाही. पण रक्तस्राव हे आपल्या देशातलं मातामृत्यूचं सगळ्यात मोठं एकटं कारण राहिलं आहे, आणि ते असं आहे की दोन-तीन तासांत घात होतो.

त्यातून अंगात रक्त मुळातच कमी असेल तर दोन-तीन तासही मिळत नाहीत. इथे आपल्या घराकडे वळावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी १०० मागे ४५ च्या वर रक्त कमी असलेल्या निघाल्या. आपल्या सुना खात्यापित्या घरच्या, त्यांना काय कमी, असं वाटतं. पण कंदमूळ एरवीही नाही, चातुर्मासात पालेभाजी बंद, सूर्यास्तानंतर पाणीही नाही, आणि सकाळी जेवणावर लगेच कडक चहा. चार महिने असे गेले की हिमोग्लोबिन ९ वर येतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो. चवळी, मटकी, बाजरी, हाळीव, खारीक, मनुका, वर लिंबू पिळलेलं, हे चातुर्मासातही चालतं. लोहाची गोळी रात्री जेवून घ्यायला सांगितली असेल तर ती सूर्यास्ताआधीच्या जेवणावर घ्या, पण चहा-दुधाबरोबर नको. आणि तहान लागली तर? आमच्या स्थानकात एका साध्वीजींना एका मुलीने हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पच्चक्खाणाच्या पाठातच प्रकृतीसाठी आगार ठेवलेले आहेत, ते उगीच ठेवलेत का? मला वाटतं, त्या मुलीच्या सासूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्या बोलल्या.

मुहूर्त बघून सिझर करणाऱ्यांबद्दल मी मागे एकदा लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणी रुसल्या. पुन्हा तेच लिहिते. पोटातलं बाळ पंचांग वाचत नाही. पुष्य नक्षत्रासाठी दोन-तीन आठवडे आधी काढलेलं बाळ धापा टाकत पेटीत गेलं तर त्या नक्षत्राचं काय लोणचं घालायचंय?

घरी आल्यावर सूतक. बाळंतिणीची खोली वेगळी, ताट वेगळं, दहा दिवस कुणी शिवायचं नाही. पाहुण्यांची गर्दी त्याने थांबते, म्हणून मला सूतक अजिबात वाईट वाटत नाही. पण दार ओढून घेतलं की आत काय चाललंय ते दिसत नाही. सूतक देवाधर्माचं आहे, नाडी बघण्याला आणि कपाळाला हात लावण्याला नाही. ताप, घाण वास येणारं जाणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, हे सव्वा महिन्यात कधीही होऊ शकतं.

बाळाच्या बाबतीत आपलं एक बरं आहे. मध आपण खातच नाही, म्हणून चाटवायचा प्रश्न येत नाही. पण त्याच्या जागी गुळाचं पाणी आणि गुटी येते. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, हे किती वेळा सांगायचं? शिवाय एक घोळ मी दोन-तीन घरांत पाहिला. गाय व्याली की तिचं पहिल्या दिवसांचं दूध आपण वर्ज्य मानतो, म्हणून आईचा पहिला पिवळा चीकही पिळून टाकायला लावतात. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या की गाईचा चीक घ्यायचा नाही कारण तो वासराचा आहे. मग हे वासरू कुणाचं?

नवजात बाळाची काळजी घरात कशी घ्यायची, हे तर साऱ्या जगाने महाराष्ट्राकडून शिकलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम उभं केलं. ‘सर्च’ ही त्यांची संस्था. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळ झाल्याबरोबर रडलं नाही तर काय करायचं, ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. ३९ गावांत हे काम, शेजारच्या ४७ गावांशी तुलना. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी भरले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि पुढे देशभर आशाताईंच्या कामात शिरलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येऊन बाळ बघते. आपल्या सोसायट्यांत तिला वॉचमनच खालून परत पाठवतो. ‘आमचे स्वतःचे डॉक्टर आहेत’ म्हणे. तुमचे डॉक्टर चौदाव्या दिवशी तुमच्या घरी येऊन काटा लावणार आहेत का?

त्याच बंग पती-पत्नींनी खेड्यातल्या, आकडे न येणाऱ्या बायकांसाठी एक श्वासमापक केला होता. एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. मी त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले. घडी आणि मणी, हे तर आपल्या प्रत्येक आजीच्या पिशवीत आहे.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध सोडलं असेल, किंवा तळपाय आणि पोट दोन्ही गार लागत असतील, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. बाळाला छातीशी कातडीला कातडी लावून वरून पांघरायचं आणि निघायचं. खाटेखाली शेगडी ठेवून धूर करायचा नाही.

येत्या गुरुवारी दुपारी महिला मंडळात सामायिक झाल्यावर आपण श्वास मोजून बघणार आहोत. एक मिनिट मोबाइलवर लावू, कारण आपल्या घडीतली वाळू त्यासाठी फार. जपमाळ प्रत्येकीने आणावी. कुणाकडे तान्हं बाळ असेल तर त्याला दूध पाजून, झोपवून आणा. रडतं बाळ मोजता येत नाही.